डोळ्यातला विद्यार्थी

“काका, दांडा वर करताय, की आम्ही इथेच मुक्काम टाकू?”

पांढऱ्या गाडीतल्या माणसाने हॉर्नवरचा हात अजून काढला नव्हता. मास्तरांनी मांडीवरचा फोन घाईघाईने खणात सारला आणि बटण दाबलं. दांडा नेहमीच्या चालीने, कुणावर तरी उपकार करत असल्यासारखा, हळूहळू वर गेला. जाता जाता गाडीवाला आणखी काहीतरी बोलला, पण तोवर त्याची काच वर गेली होती. ऐकू आलं नाही ते एका परीने बरंच झालं.

फोनमध्ये ऑक्टोपसला तीन हृदयं असतात इथवर मजल आली होती. मास्तरांनी खण पुन्हा किलकिला केला, तर पडद्यावर तो प्राणी आठही पाय पसरून तसाच थांबलेला. हृदयं तीन, पण हाड एकही नाही, असं खाली लिहून आलं होतं. मास्तर स्वतःशीच हसले. कणा नसलेली माणसं त्यांना या खिडकीतून रोज भेटत, पण हृदयाच्या बाबतीत सगळी टंचाईच होती.

दुकानांच्या चार मजली इमारतीखाली तळघरात गाड्या लावायची सोय होती, आणि तिच्या तोंडाशी, उताराच्या कडेला, मास्तरांची पत्र्याची चौकी. आत एक खुर्ची, खण असलेलं टेबल, खिळ्याला टांगलेली पिशवी आणि डोक्यावर एक दिवा. पाय लांब करायचे तर दार उघडावं लागे, आणि दार उघडलं की गाड्यांचा धूर आत येई. कंपनीने आतल्या बाजूला नियमांचा कागद चिकटवला होता. त्यातला सगळ्यात ठळक नियम असा, की कानात काही घालायचं नाही आणि कसलाही आवाज लावायचा नाही; हॉर्न ऐकू आला पाहिजे. मास्तर नियमाला पक्के होते. त्यामुळे त्यांचं सगळं शिक्षण मुक्यानेच झालं.

शिक्षण म्हणजे फोनवरचं, फुकटचं. मुलाने नवा फोन घेतला आणि काच तडकलेला जुना बापाच्या हातात ठेवला, तेव्हा त्यावर एक जाहिरात आली होती. जगातला कुठलाही विषय, बसल्या जागी, एक पैसा न देता. मास्तरांनी भीत भीत बोट लावलं. फोनने भाषा विचारली. मास्तरांनी आपली भाषा निवडली, आणि कुठले कुठले मोठे प्राध्यापक हात हलवत बोलायला लागले, आणि त्यांच्या पायाशी मास्तरांच्या भाषेतल्या ओळी उमटायला लागल्या. मास्तरांना अगदी भरून आलं. एवढी मोठी माणसं, पण आपल्यासारख्यासाठी मुद्दाम कुणाला तरी बसवून लिहून घेतात, असं त्यांना वाटलं.

मग काय, तारे झाले, ज्वालामुखी झाले. पूल कसे उभे राहतात ते झालं. मधमाश्या, जुनी नाणी, कायद्याची तोंडओळख, मेंदू, वारे. एका हिवाळ्यात त्यांनी संगीतही शिकून घेतलं, तेही आवाज बंद ठेवून. सूर कसे चढतात आणि कसे उतरतात हे त्यांना नीट सांगता आलं असतं, ऐकलेला मात्र त्यातला एकही नव्हता. कशाचा कशाला मेळ नव्हता, आणि मास्तरांना मेळ नकोच होता. भुकेला माणूस ताटात काय आहे ते विचारत नाही, तसे ते समोर येईल तो विषय वाढून घेत होते.

‘मास्तर’ हे नाव पैलवानाने दिलेलं. पैलवान हा दुसऱ्या पाळीचा चौकीवाला, आणि अंगाने इतका किरकोळ की बंद दांड्याच्या फटीतून आरामात निघून जाईल. तिथे नावं ठेवायची रीतच उलटी होती. पाळी बदलताना तो रोज विचारायचा, “काय मास्तर, आज काय शिकवलंत?”

“शिकवलं नाही रे. शिकलो.”

“या वयात? आता शिकून काय विमान उडवायचंय?”

मास्तरांना हा प्रश्न नवा नव्हता. लहानपणी ते शाळेत पहिल्या बाकावर बसत आणि त्यांना आभाळाकडे बघत प्रश्न विचारायची खोड होती. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, असं वडिलांना विचारलं की वडील म्हणत, “मोठा झालास की कळेल.” सातवी पुरी व्हायच्या आत त्याच वडिलांनी त्यांना शाळेतून काढलं आणि गाड्या धुण्याच्या कामाला लावलं. मास्तर मोठे झाले, लग्न झालं, दोन दोन पाळ्या करून मुलगा वाढवला, बायको गेली, पण कळायचं होतं ते काही कळलं नाही. वडिलांचं बाकी सगळं त्यांनी माफ केलं होतं. ते वाक्य तेवढं केलं नव्हतं.

म्हणून नातीला ते वाक्य कधी म्हणायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं.

नातीचं लाडाचं नाव बिट्टी. सून त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चष्म्याच्या दुकानात कामाला होती. शाळेची गाडी बिट्टीला चौकीपाशी सोडायची, आणि आईची सुटी होईपर्यंत ती आजोबांजवळ एका उपड्या क्रेटवर बसायची. हे नियमात बसत नव्हतं, पण पैलवानापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. मास्तरांचा अख्खा दिवस त्या तेवढ्या वेळाकडे डोळे लावून बसायचा. घरात त्यांना कुणी काही विचारत नसे. विचारलंच तर, पंखा बंद केलात का, एवढंच. बिट्टी मात्र दप्तर खाली टाकायच्या आधी विचारायची.

“आजोबा, सूर्याच्या सगळ्यात जवळ कोण राहतं?”

“पारा.”

“थर्मामीटरमधला?”

“तोच. आमच्या वेळी शाळेत बुध शिकवायचे. आता नवा शोध लागलाय.”

“मग तो तापत नाही का?”

“तापतो तर. पारा चढतो म्हणतात ते काय उगाच?”

बिट्टीला ते पटायचं. मास्तरांनाही पटलेलं असायचं, कारण त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं. ती शाळेतल्या मैत्रिणींना सांगायची, आमच्या आजोबांना सगळं येतं. हे तिने एकदा गाडीच्या पायरीवरून उतरता उतरता मोठ्याने म्हटलेलं मास्तरांच्या कानावर आलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना हॉर्न वाजवणाऱ्यांचा राग आला नाही.

असंच एकदा डोळ्याचा धडा आला. पडद्यावर डोळ्याचं भलंमोठं चित्र होतं, मधल्या काळ्या ठिपक्याला बाण लावला होता, आणि खाली ओळ उमटली: ‘डोळ्याच्या मध्यभागी एक विद्यार्थी असतो. प्रकाश वाढल्यास विद्यार्थी लहान होतो. अंधारात विद्यार्थी मोठा होतो.’

मास्तरांनी चित्र थांबवून ती ओळ पुन्हा वाचली. बुबुळ त्यांना माहीत होतं. आतल्या काळ्या टिकलीला त्यांची आई बाहुली म्हणायची, पण आई अडाणी होती. शास्त्रात त्याला विद्यार्थी म्हणत असतील हे त्यांना इतकं आवडलं की शंका घ्यायचं सुचलंच नाही. अंधारात मोठा होणारा विद्यार्थी. पत्र्याच्या चौकीत, खणातल्या फोनकडे वाकून बसलेल्या माणसाला हे कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. आपल्याबद्दल एवढं बरं कुणी कधी लिहिलं नव्हतं, असं त्यांना वाटलं.

त्या संध्याकाळी त्यांनी बिट्टीला समोर बसवलं, दार लावून घेतलं आणि दिवा मालवला.

“आता माझ्या डोळ्यात बघ. विद्यार्थी केवढा आहे?”

“मोठ्ठा.”

त्यांनी दिवा लावला.

“आता?”

“आजोबा, लहान झाला.” बिट्टी क्रेटवर उभीच राहिली. “आता माझा बघा.”

मग दिवा लाव, दिवा मालव असा खेळच सुरू झाला. बाहेर दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या आणि त्यांना वाटलं असावं, चौकीतला दिवा बिघडला.

पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषणाची स्पर्धा आली. पाहुणे म्हणून सुनेच्या दुकानात डोळे तपासायला येणारे डॉक्टर यायचे होते. हे कळल्यावर बिट्टीनेच सगळं ठरवून टाकलं.

“आपण डोळ्यावर बोलू या. डॉक्टरकाकांना आवडेल. मग आई खूश होईल.”

“आईला विचारू या का एकदा? तिला दुकानातलं माहीत असतं.”

“नको. तिला सांगायचंच नाही. गंमत.”

मास्तरांना ती गंमत मान्य झाली. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाच ती हवी होती. मुलगा आणि सून समोर बसले आहेत, नात बोलते आहे, आणि हे सगळं आपल्याकडून गेलेलं आहे, असं चित्र त्यांनी मनात इतक्या वेळा पाहिलं की ते होऊन गेल्यासारखंच वाटायला लागलं. कागदावर काही लिहिलं नाही. चौकीतच ते बोलत गेले आणि बिट्टी पाठ करत गेली. शाळेतल्या बाईंनी नाव घेतलं, विषय विचारला, ‘आपला डोळा’ म्हटल्यावर “छान” म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

संमेलनाच्या दिवशी मास्तरांनी पाळी पैलवानाला दिली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. सभागृहात पंख्यांचा आवाज आणि पोरांची कलकल. मुलगा, सून आणि ते एका रांगेत बसले. बिट्टीचं नाव पुकारलं तसे मास्तर खुर्चीच्या कडेवर सरकले.

“माझा विषय, आपला डोळा,” बिट्टीने सुरुवात केली. “आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात एक विद्यार्थी राहतो.”

लोकांना ते कवितेसारखं वाटलं असावं. कौतुकाचा एक हुंकार सभागृहातून फिरला. मास्तरांनी मुलाकडे चोरून पाहिलं. मुलगाही जरा सावरून बसला होता.

“माझ्या डोळ्यात विद्यार्थी आहे. बाईंच्या डोळ्यातही विद्यार्थी आहे. मुख्याध्यापकांच्या डोळ्यातला विद्यार्थी काळा आणि गोल आहे.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग त्याच्या शेजारचा हसला. बिट्टीला वाटलं भाषण रंगात आलं. तिने आवाज चढवला.

“आवडतं माणूस दिसलं की आपला विद्यार्थी मोठा होतो. खूप उजेड पडला की तो लहान होतो. विद्यार्थी बिघडला तर डॉक्टर त्याच्यात औषधाचे थेंब टाकतात.”

आता मागच्या रांगांनी बाकं बडवायला सुरुवात केली. मास्तरही हसत होते. लोकांना आवडतंय, याच आनंदात ते हसत होते. मग त्यांची नजर सुनेकडे गेली. ती मान खाली घालून पर्सची चेन लावत होती, उघडत होती, परत लावत होती. आणि पलीकडे मुलगा हसत नव्हता. तेव्हा मास्तरांचं हसू थांबलं. काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी चुकलं होतं, आणि पोरगी स्टेजवर उभी राहून तेच आणखी मोठ्याने सांगत होती.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी बिट्टीला जवळ बोलावलं, पाठ थोपटली आणि माईक हातात घेतला.

“बेटा, फार सुंदर बोललीस. पण डोळ्यात विद्यार्थी नसतो हं. विद्यार्थी वर्गात असतात, आणि तिथेही कधी कधी नसतात.” सभागृहात हशा उसळला. “त्याला बाहुली म्हणतात. काय म्हणतात?”

“बाहुली,” बिट्टी म्हणाली.

“तुला हे विद्यार्थी वगैरे शिकवलं कुणी?”

“माझ्या आजोबांनी.” तिने बोट दाखवलं. “त्यांना सगळं येतं.”

शेकडो माना वळल्या. मास्तर खुर्चीतून अर्धवट उठले, साहेब तपासणीला आल्यावर उठतात तसे, आणि बसावं की उभं राहावं हे न कळून मध्येच थांबले. सगळे हसत होते आणि त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. बिट्टी त्यांच्याकडेच बघत होती. ती वाट बघत होती. आजोबा आता उठून सांगतील की डॉक्टरकाका चुकले, असं तिला वाटत होतं. मास्तर खाली बसले.

घरी चालत जाताना बिट्टी आईचा हात धरून पुढे होती. कोपऱ्यावर ती थांबली आणि मागे वळली.

“आजोबा, तुम्हाला माहीत होतं का ते चुकीचं आहे?”

“नाही गं.”

तिने थोडा विचार केला.

“मग तुम्हाला आणखी काय काय माहीत नाही?”

याचं उत्तर कुणालाच देता आलं नसतं. तिने पुन्हा विचारलं नाही; आईचा हात धरून पुढे निघाली.

घरी आल्यावर सुनेने त्यांचा फोन मागून घेतला. डोळ्याचा धडा काढून तिने बोटाने कोपऱ्यातलं काहीतरी दाबलं, आणि फोनमधून माणसाचा आवाज आला. मास्तर दचकले. इतके दिवस ज्यांना बघत आलो ते प्राध्यापक बोलतात कसे, हे त्यांनी आज ऐकलं. आवाज जरा किनराच होता.

“ऐका,” सून म्हणाली. “प्युपिल म्हणाला ना तो? इंग्रजीत विद्यार्थ्यालाही तोच शब्द आहे आणि बाहुलीलाही तोच. या खालच्या ओळी कुणी माणूस लिहीत नाही, बाबा. मशीन लिहितं. त्याने नको तो अर्थ उचलला. हे बघा, इथे लिहिलंय पण.”

पडद्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘यंत्राद्वारे भाषांतर. चुका संभवतात.’ मास्तरांनी ते अक्षर पूर्वी पाहिलं होतं. बरणीवर, बिलावर, सगळीकडेच खाली असं बारीक काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणून ते सोडून दिलं होतं.

“तुमचा दोष नाही,” ती म्हणाली. मग फोन परत देताना म्हणाली, “पण उद्या मला त्याच डॉक्टरांसमोर दिवसभर उभं राहायचंय.”

मुलगा दारात उभा होता. तो मोठ्याने बोलला नाही. मोठ्याने बोलला असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

“बाबा, यापुढे तिचा अभ्यास तुम्ही नका घेऊ.”

“बरं.”

“राग मानू नका. पण मी दहावीत गणितात अडकलो होतो ना, तेव्हा तुम्ही दोन दोन पाळ्या करत होता. तेव्हा माझ्यासाठी कुणी नव्हतं. एकदा मी गणित घेऊन तुमच्याजवळ आलो होतो. काय म्हणालात आठवतंय?”

मास्तरांना आठवत नव्हतं.

“जाऊ दे,” मुलगा म्हणाला. “आता वेळ मिळाला तर तिला शिकवायला निघालात, आणि तेही असलं.”

तो आत गेला. आपण मुलाला काय म्हणालो असू, हे मास्तरांना आठवत नव्हतं, पण ओळखता येत होतं. दिवसभर राबून आलेला माणूस पोराला काय म्हणणार? जे त्यांच्या बापाने त्यांना म्हटलं होतं तेच म्हटलं असणार.

दुसऱ्या दिवसापासून बिट्टी चौकीत येईनाशी झाली. शाळेची गाडी तिला सोडायची, ती खिडकीतून हात हलवायची आणि सरळ जिन्याने वर दुकानात जायची. पहिले काही दिवस क्रेट तसाच उपडा होता. मग झाडूवालीने विचारून तो बादली ठेवायला नेला.

मास्तरांनी फोन काढून जुने धडे पुन्हा लावायला सुरुवात केली. शिकण्यासाठी नाही, चोर शोधावेत तसे. सूर्याच्या जवळचा पारा तर सापडलाच; तो पारा नव्हताच, आपला जुना बुधच होता, आणि मास्तर बिट्टीला छातीठोकपणे नवा शोध लागल्याचं सांगून बसले होते. एके ठिकाणी लिहिलेलं आढळलं, ‘कारखाने सूर्यप्रकाशात साखर तयार करतात.’ हे त्यांनी कधीकाळी वाचून खरं मानलं होतं, आणि रात्रपाळीला कारखाने काय करत असतील असा विचारही केला होता. ते कारखाने म्हणजे झाडं होती, हे त्यांना कडेच्या चित्रातल्या पानावरून आत्ता उमगलं. माणसाचं शरीर असंख्य कोठड्यांचं बनलेलं आहे, असंही एका धड्यात होतं. ते खोटं होतं की खरं, हे कुणाला विचारायचं? सुनेला विचारायची सोय राहिली नव्हती. पैलवानाला विचारलं तर तो म्हणाला, “माझ्यात तर एकच खोली आहे, मास्तर, तीही भाड्याची.”

चुकलेलं सापडत होतं त्याचा त्यांना एवढा त्रास नव्हता. जे सापडत नव्हतं त्याचा होता. पूल खरे की खोटे? मधमाश्या नाचून रस्ता सांगतात, हे मधमाश्यांबद्दलच होतं ना? ऑक्टोपसला हृदयं तीनच होती, की तिथेही मशीनने काही तिसरंच उचललं होतं? आंब्याच्या पेटीत एक नासका निघाला तर तो काढून टाकता येतो. इथे सगळी पेटीच हाताला चिकट लागत होती, आणि वास कुठून येतो ते कळत नव्हतं. आयुष्यभर न शिकल्याचं दुःख त्यांनी मुकाट्याने वागवलं होतं. शिकून हे असं होईल, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना राग आला, पण मशीनवर रागावून माणसाने जायचं कुठे? फुकट दिलं होतं. तक्रार करायलाही तोंड नव्हतं. त्यांनी फोन खणात टाकला आणि खण लावून घेतला.

“काय मास्तर, आज काय शिकवलंत?” पैलवानाने सवयीने विचारलं.

“काही नाही,” मास्तर म्हणाले. त्या दिवसानंतर पैलवानानेही विचारणं सोडलं, आणि त्याचंही त्यांना वाईट वाटलं.

उन्हाळा लागायच्या सुमारास दुकानात रंगकाम निघालं. रंगाच्या वासाने बिट्टीला खोकला यायला लागला, म्हणून सुनेने तिला खाली पाठवलं. ती दप्तर घेऊन चौकीच्या दारात उभी राहिली. मास्तरांनी बादलीखालचा क्रेट काढला, कोरडा केला आणि उपडा ठेवला. ती बसली. थोडी उंच झाली होती. गुडघे पूर्वीपेक्षा वर आले होते.

गाड्या येत होत्या, जात होत्या. मास्तर एकाही हॉर्नची वाट न बघता दांडा वर करत होते. उताराच्या वरच्या तोंडातून आभाळाचा एक चौकोन दिसे. सूर्य इमारतींमागे गेला होता आणि तो चौकोन लाल होत चालला होता. चौकीत अंधारून आलं होतं.

“आजोबा.”

“काय गं?”

“दिवसा आभाळ निळं असतं ना? मग संध्याकाळी लाल का होतं?”

मास्तरांचा हात टेबलावर होता तिथेच राहिला. हे त्यांना येत होतं. हा धडा त्यांनी याच खुर्चीत बसून केला होता. उजेडात सगळे रंग असतात. त्यातला निळा वाटेत विखरून जातो, आणि संध्याकाळी उजेडाला फार लांबून यावं लागतं, म्हणून आपल्यापर्यंत पोचेस्तोवर लालच तेवढा उरतो. सगळं डोळ्यासमोर उभं राहिलं, प्राध्यापकाचे हातवारेसुद्धा. तोंड उघडायचंच बाकी होतं.

पण विखरून जातो, हेच ना? की तो शब्द दुसऱ्याच कशाचा होता? मशीनने नको तो अर्थ उचलला असेल तर? ही पोरगी उद्या वर्गात हात वर करून उभी राहील.

“शाळेत विचार,” ते म्हणाले. “बाईंना.”

“विचारलं. बाई म्हणाल्या, पुस्तकात नाही ते विचारायचं नाही.” ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही सांगा ना. चुकलं तरी चालेल. मी कुणाला नाही सांगणार.”

एवढं बोलून ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. अंधार इतका झाला होता की तिच्या डोळ्यात बुबुळाची फक्त बारीक कड उरली होती. बाकी सगळं काळंभोर, मोठं, वाट बघत असलेलं. मास्तरांना तिथे बघवेना.

“मोठी झालीस की कळेल,” ते म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि त्यांना वडिलांचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. वर एक गाडी येऊन उभी राहिली होती, पण तिने हॉर्न वाजवला नव्हता. मास्तरांनी बटणाकडे नेलेला हात मध्येच वळवला आणि डोक्यावरचा दिवा लावला.

बिट्टीने डोळे मिचकावले. तिच्या डोळ्यातला विद्यार्थी एकदम लहान झाला.